सोलापुरात राहून भिंती रंगवून घर चालेल का?

आधी पत्र, थोडं कापून देते, बरंच मोठं होतं.

"ताई, मी साखर पेठेत राहते, वय २४. वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत, अम्मा घरी विड्या वळते. माझं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा, झालंय. दोन वर्षं झाली भिंती रंगवते, आधी एका ठेकेदाराकडं रोजावर जायची, आता स्वतःची कामं पण घेते, पंचवीस रुपये फुटानं. ठेकेदाराकडं माझे अठरा हजार अडकलेत, फोन केला की बिल निघालं नाही म्हणतो. एका शाळेच्या कंपाउंडवर मी गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची, मिरवणूक काढली होती, सातही नंदीध्वज, बाराबंदी घातलेली माणसं, लोक गाडी थांबवून फोटो काढायचे. वर्षभरात ती पुसून तिथं क्लासची जाहिरात रंगवली, मला कुणी सांगितलं पण नाही. आता दुसऱ्या एका शाळेत चित्रकलेची नोकरी मिळतीय, कंत्राटी, पगार बारा हजार. घरचे म्हणतात घे. गल्लीतले म्हणतात पोरगी परांचीवर चढून काय करलाली. मैत्रीण म्हणते पुण्याला चल. आणि आमचे एक सर म्हणाले की प्रोजेक्टर लावून काढतेस ते काय चित्र नव्हे. मी काय करू? — भिंतवाली"

भिंतवाली, उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे खालचं वाचताना तुझा जीव टांगणीला नको. नोकरी घे, पण एका वर्षासाठी घे, आणि भिंती सोडू नकोस. हे मी घरच्यांची बाजू घेऊन बोलत नाहीये. या धंद्यात पैसा येतो पण उशिरा येतो, कधीकधी फार उशिरा, आणि ज्याला महिनाअखेर किराणा भरायचाय त्याला समोरचा माणूस बरोबर ओळखतो आणि रेट पाडतो. तू पंचवीस रुपयाला हो म्हणतेस ते तुझं काम पंचवीसचं आहे म्हणून नाही, नाही म्हणायची तुझी ऐपत नाही म्हणून. दर महिन्याला बारा हजार ठरलेले असले की ती ऐपत येते. नोकरीचा उपयोग एवढाच धर, चार वाईट कामं नाकारून एक चांगलं काम नीट करायला मिळावं. मी स्वतः बरीच वर्षं भिंतींवर काम केलंय आणि माझ्याबरोबरचे जे अजून टिकलेत ते सगळे काय फार भारी चित्रकार होते असं नाही, ज्यांना भिंत कळत होती आणि ज्यांचा व्यवहार कागदावर होता ते टिकले. तुझ्या कामाचे फोटो बघितले मी, हात चांगला आहे. पण एटीडीत कागद शिकवतात गं, भिंत कुणी शिकवत नाही, आणि व्यवहार तर अजिबातच नाही.

तुझ्या हिशोबापासूनच बघ. बारा फूट उंच, पंचवीस फूट लांब भिंत म्हणजे ३०० स्क्वेअर फूट, पंचवीसनं झाले साडेसात हजार. बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग दोन हात मारायचा तर लिटरला साधारण ५०-६० फूट जातं, म्हणजे नुसत्या बेसलाच पाच-सहा लिटर, त्याच्या आधी प्रायमर, मग चित्राचे रंग वेगळे, ब्रश, रोलर, परांचीचं भाडं, सामान न्यायला रिक्षा. हेल्परला रोजचे सहाशे धरलेस आणि काम पाच दिवस चाललं तर तीन हजार त्याचेच गेले. उरलेल्या साडेचार हजारात हे सगळं बसवून तुला स्वतःला काय राहिलं ते तूच लिहून काढ, आणि डिझाईन करायला घरी बसलेले दोन दिवस त्यात मोज, ते तू कधीच मोजलेले नसणार. इथून पुढं फुटाचा रेट तोंडातून काढायच्या आधी भिंत बघायला जायचं, खर्च मांडायचा, आपली मजुरी मांडायची, वर काहीतरी अडलंनडलं म्हणून दहा टक्के धरायचे, मग त्याला फुटानं भागायचं. कधी रेट पन्नास येईल, भिंत खराब असेल तर ऐंशी पण येईल. समोरचा म्हणेल अमका पेंटर वीसमध्ये करतो, तर करू दे की त्याला, तुझा पगार येतोय ना.

आणि काम धरलं की एक पानाचं पत्र करायचंच. वकिली भाषा नको, साधं मराठीत लिही. भिंत किती, कुठली, अर्धे पैसे सुरू करायच्या आधी आणि उरलेले संपल्यावर किती दिवसांत, डिझाईनमध्ये बदल दोनदाच फुकट, पाणी आणि परांची कोण देणार, प्लास्टर फुटलं असेल तर ते दुरुस्त कोण करणार. कोपऱ्यात माझं नाव आणि फोन नंबर राहणार, आणि भिंत पुसायची झाली तर एक महिना आधी मला सांगायचं, ही दोन वाक्यं पण टाक. दोघांच्या सह्या. सरकारी नाहीतर सार्वजनिक भिंत असेल तर ज्याच्या मालकीची आहे त्याची लेखी परवानगी आधी हातात घे, ठेकेदार म्हणाला "साहेबांशी बोलणं झालंय" तर त्यावर जाऊ नकोस, महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा कायदा आहे आणि अडकली तर तू अडकशील, ठेकेदार नाही.

आता पुसलेल्या मिरवणुकीबद्दल. पत्रात तू ते दोन ओळींत लिहिलंयस पण मला कळतंय की सगळ्यात जास्त तेच लागलंय तुला.

दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं मोठं भित्तिशिल्प होतं, जवळजवळ १४० फूट लांब, सरकारनंच सांगून करून घेतलेलं. १९७९ मध्ये ते त्यांना न विचारता काढलं आणि गोदामात टाकून दिलं, तुकडे झाले. सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत आणि पाच लाख भरपाई. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलाकाराचा हा हक्क आहे, वस्तू विकली तरी तिची मोडतोड करून कलाकाराचं नाव खराब करता येत नाही असा. पण मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. रंगवलेली भिंत ज्याची आहे तो ती पुसायला निघाला तर दरवेळी कायदा तुझ्या बाजूनं उभा राहीलच असं नाही, म्हणून तर ते एक महिन्याचं वाक्य पत्रात पाहिजे, तेवढ्या वेळात तुला नीट फोटो तरी काढता येतील आणि कदाचित बोलणी पण करता येतील.

फोटोवरून मला दिएगो रिव्हेरा आठवतो, मेक्सिकोचा, भित्तिचित्रात त्याच्याएवढं नाव क्वचितच कुणाचं झालं असेल. १९३३ मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरमध्ये तो मोठी भिंत रंगवत होता, त्यात त्यानं लेनिनचा चेहरा काढला, मालक म्हणाले काढून टाक, हा म्हणाला नाही. पूर्ण पैसे हातावर ठेवून त्याला बाहेर काढलं, आणि १९३४ च्या फेब्रुवारीत भिंत छिन्नी-हातोड्यानं फोडून टाकली. पण त्याची सहाय्यक लुसिएन ब्लॉक हिनं आधीच कॅमेरा लपवून आत नेऊन फोटो काढून ठेवले होते, आणि त्याच वर्षी रिव्हेरानं ते चित्र मेक्सिको सिटीत पुन्हा उभं केलं. तुझ्याकडं मिरवणुकीचे नीट फोटो आहेत का? मोबाइलमध्ये इकडंतिकडं पडलेले नव्हे, समोर सरळ उभं राहून, सकाळच्या सपाट उजेडात, तुकड्यातुकड्यानं काढलेले. नसतील तर ज्यांनी गाड्या थांबवून काढले त्यांच्याकडनं मागव, फेसबुकला टाक की कुणाकडं आहेत का, सोलापूरची माणसं देतील बघ. आणि पुढचा गड्डा यायच्या आधी ती मिरवणूक दुसऱ्या भिंतीवर परत काढ, आधीपेक्षा मोठी.

भिंतीबद्दल आता जरा सविस्तर लिहिते कारण हे तुला कुणी सांगितलेलं नाही हे फोटोतच दिसतंय. त्या शाळेच्या कंपाउंडला खालनं दोन फुटांपर्यंत रंग फुगलाय आणि पांढरी भुकटी आलीय, तो खार आहे, जमिनीतनं ओल वर चढते, पाणी वाळतं आणि क्षार बाहेर येतो. त्यावर कितीही भारी रंग मार, तो ढपले धरून निघणारच. भिंत बघायला गेलीस की आधी तळहात घासून बघायचा, हाताला पांढरं लागलं तर जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे, तो पत्तीनं खरवडून पॉलिश पेपर मारल्याशिवाय पुढं जायचं नाही. मग प्लास्टिकचा एक हातभर कागद भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवायचा आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले की ओल आहे, मालकाला तिथंच बोलवून दाखवायचं आणि सांगायचं की आधी हे दुरुस्त करा मग मी येते. तोंडी सांगून लोक ऐकत नाहीत पण थेंब बघितले की ऐकतात, माझा अनुभव आहे. नवीन प्लास्टर असेल तर निदान महिनाभर वाळू द्यायचं.

आपल्या सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर असतो आणि भिंत त्याहून तापते. तापलेल्या भिंतीवर रंग लावला की त्यातलं पाणी लगेच उडतं, रंगाला नीट धरायला वेळच मिळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पापुद्रे सुटतात. म्हणून पश्चिमेकडं तोंड असलेली भिंत सकाळी करायची, पूर्वेची दुपारनंतर, म्हणजे सावली आपल्या बाजूनं राहते. आपला खरा सीझन दसऱ्यापासून होळीपर्यंत. रंग निवडताना पण ऊन डोक्यात ठेव, झगझगीत गुलाबी, जांभळा, लिंबूपिवळा हे लवकर उडतात, आणि गेरू, पिवळी माती, ऑक्साइडचे लाल-तपकिरी हे टिकतात. अजिंठ्याला मातीच्या गिलाव्यावर मुख्यतः असेच खनिज रंग वापरलेत. तुझ्या नंदीध्वजाच्या मागचं आकाश तू जांभळट केलं होतंस, सुंदर होतं, पण दोन उन्हाळ्यांत ते राखाडी झालंच असतं. जमलं तर एकदा वाईजवळ मेणवलीला जाऊन ये, नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघ, आणि कुठलं चित्र छान हे बघायच्या आधी कुठं टिकलंय आणि कुठं गेलंय ते बघ.

काय रंगवायचं हा प्रश्न तू विचारला नाहीस पण मला त्यावर बोलायचंय. तुझ्या फोटोत मिरवणूक सोडली तर बाकी सगळी झाडं, फुलपाखरं, पृथ्वीचा गोळा आणि हात जोडलेली माणसं आहेत, ठेकेदारानं दिलेली. तू ज्या घरात वाढलीस त्यातलं एकही चित्र त्यात नाही. रिव्हेरानं १९३२-३३ मध्ये डेट्रॉइटच्या म्युझियममध्ये कारखान्यावर २७ चित्रांची मालिका केली, पण त्याच्या आधी तो फोर्डच्या कारखान्यात जाऊन महिनोन्महिने स्केच करत बसला होता, मशीन कुठं वळतं, माणूस कुठं वाकतो हे बघत. तुला कुठं लांब जायला नको. वडिलांच्या कारखान्यात मालकाला विचारून एक रविवार बस, धोटा इकडून तिकडं जातो तेव्हा माणसाचे डोळे कुठं असतात, तुटलेला धागा जोडताना बोटं कशी होतात, कांड्या भरणाऱ्या बायका कशा बसतात, कापसाचे बारीक तंतू कानावर आणि भुवयांवर कसे चढतात. अम्माचे विडी वळतानाचे हात काढ. सोलापुरी चादर सगळ्यांना माहितीये, ती विणणाऱ्याचा चेहरा किती भिंतींवर आहे? आणि एक सांगू, जकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाईन करणारे चौकोनाच्या कागदावर नक्षी काढतात, एकेका चौकोनात कुठला धागा वर कुठला खाली ते भरत जातात, तू भिंतीवर ग्रीड पाडून चित्र मोठं करतेस ते तुमच्या धंद्यात आधीपासूनच आहे. वडिलांना एकदा विचार तर, किंवा त्यांच्या ओळखीत कुणी डिझाईनवाले असतील त्यांच्याशेजारी जाऊन बस.

यावरूनच ते प्रोजेक्टरचं. सरांना वाईट वाटू देऊ नकोस पण त्यांचं पटत नाही मला. चित्र भिंतीवर कसं चढवायचं हा सोयीचा भाग आहे, पूर्वीपासून लोक कागदाला भोकं पाडून त्यातनं कोळशाची भुकटी झाडून खाका उतरवत आलेत. आता चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचं एवढं मोठं चित्र केलं ते पूर्ण आकाराचा खाका न करता थेट भिंतीवर, आणि त्यांची नजर जन्मापासून अधू होती, पुढं तर ती पूर्ण गेली, तरी १९७२ मध्ये त्यांनी टाइल्सचं भित्तिचित्र केलं. ते थोर होतेच. पण तो हात रोजच्या स्केचमधून आलेला असतो, प्रोजेक्टर फेकून दिल्यानं येत नाही. तू प्रोजेक्टर वापर, आणि रोज वही पण भर, दोन्ही कर. फक्त इंटरनेटवरचं दुसऱ्याचं चित्र प्रोजेक्टरवर लावायचं नाही, तिथं मी सरांच्या बाजूनं आहे.

पुण्याला आत्ता जाऊ नकोस. चित्रकार एम. एफ. हुसेन आपल्या पंढरपूरचे, १९१५ चा जन्म, मुंबईला जाऊन सिनेमाची होर्डिंग रंगवली, कारण सिनेमा तिथं होता. तुला जे रंगवायचंय ते इथं आहे. पुण्यात खोलीचं भाडं भरायला तुला परत पंचवीस रुपयाच्याच भिंती घ्याव्या लागतील, फक्त अनोळखी लोकांच्या. कुंभारीला रे नगर बघितलंस का, कामगारांची ३० हजार घरं ठरलीत, त्यातली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली, विडी कामगार, यंत्रमाग कामगार, सगळी तुमच्यासारखीच घरं. त्या इमारतींच्या भिंती बघ आणि तिथल्या सोसायटीच्या लोकांशी बोल. शिकायला बाहेर जायचं तर जरूर जा, राजस्थानात बनस्थली विद्यापीठात ओल्या चुन्यावरच्या जयपूर पद्धतीचं शिबिर घेतात, त्याची चौकशी कर, एमएफए, म्हणजे कलेतली मास्टर्स पदवी, करायचंच ठरलं तर बडोदा, शांतिनिकेतन आहे. पण ते एक-दोन वर्षांनी, हातात स्वतःच्या पाच-सहा चांगल्या भिंतींचे फोटो असताना.

गल्लीतल्यांचं काय करायचं, तर काही नाही. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, तुझ्या एका फोटोत तू दोन ड्रमवर फळी टाकून उभी आहेस आणि ओढणी खाली लोंबतीय. असं परत करायचं नाही. परांची चारही पायांवर सपाट, फळ्या दोरीनं बांधलेल्या, दहा फुटांच्या वर गेलीस की बेल्ट आणि हेल्मेट, आणि ओढणी खाली पिशवीत. बेल्टचा खर्च अंदाजपत्रकात लाव. आणि जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही, पाणी मारून घासायचा आणि मास्क लावायचा, रंगातल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आलाय, त्याआधीच्या थरात किती शिसं असेल सांगता येत नाही, आणि ती धूळ कपड्यांवरनं घरात येते.

नोकरीला हो म्हणायच्या आधी शाळेला दोन गोष्टी विचार, शाळा सकाळची का दुपारची, आणि सुट्टीत बाहेरचं काम केलेलं चालेल का. दुपारची असेल तर फारच बरं, सकाळी सात ते दहा तुझी भिंत. दिवाळीची सुट्टी बरोबर सीझनमध्ये येते, तेव्हा एक मोठं काम धर. वडिलांना सांगताना "मला हेच करायचंय" असं नुसतं म्हणू नकोस, हिशोबाची वही दाखव, कारखान्यातला माणूस आहे, आकडे त्यांना कळतात.

राहिले अठरा हजार. ठेकेदाराला फोन करणं बंद कर आता. कुठल्या तारखांना कुठल्या भिंतीवर गेलीस, रोज किती ठरला होता, किती मिळाले, हे सगळं एका मेसेजमध्ये लिही, कामाचे फोटो जोड आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, म्हणजे लेखी राहतं. नाही दिले तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायकांना तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. जाताना मेसेजच्या प्रिंट, बँकेचं पासबुक आणि तुझ्याबरोबर रोजावर असलेल्या एखाद्या मुलाला घेऊन जा, त्याचे पण अडकले असतीलच. मेसेज आजच लिही, पाठवायच्या आधी मला दाखवायचा असेल तर दाखव, मी वाचून देते.